स्लॉट मशीन आणि खेळणाऱ्याचा रस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या छोट्या कार्यालयात खेळांच्या गणिताचे आणि रचनेचे काम चालते, आणि शनिवारी दुपारी त्याच जागेत अभियांत्रिकी व संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग भरतो. स्लॉट मशीनचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचे प्रश्न एका बाजूचे असतात आणि त्यांना न्यायला आलेल्या पालकांचे दुसऱ्या बाजूचे. दोघांचेही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. वर्गात एकही रुपया पणाला लावला जात नाही. मोजदादीसाठी आम्ही चिंचोके वापरतो आणि खालच्या उदाहरणांतही तेच आहेत.

स्लॉट मशीनमध्ये ‘रचना’ करण्यासारखे असते तरी काय? खटका दाबला की चिन्हे फिरतात, एवढेच ना?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स फे यांनी ‘लिबर्टी बेल’ हे तीन रीलांचे, म्हणजे चिन्हे असलेल्या तीन फिरत्या चाकांचे, यंत्र बनवले, तेव्हा खरोखरच बहुतेक सारे काम यंत्रकारागिराचे होते. प्रत्येक रीलवर दहा चिन्हे, म्हणजे एकूण १,००० जुळण्या, आणि त्यांतल्या कोणत्या जुळणीला किती नाणी द्यायची याचा एक तक्ता. उद्यमनगरातील कोणताही कुशल टर्नर ते यंत्र उघडून पाहील तर अर्ध्या तासात त्याचे काम समजावून सांगेल. आजच्या यंत्रात मात्र फिरणारे रील हा केवळ देखावा असतो. आपण बटण दाबतो त्या क्षणी संगणकाच्या आत एक यादृच्छिक संख्या निवडली जाते, निकाल तिथेच ठरतो आणि मग रील त्या निकालाला साजेसे थांबवले जातात. निकाल ठरणे आणि निकाल दिसणे यांच्यामधल्या त्या दोन-तीन सेकंदांत काय दाखवायचे, काय ऐकवायचे, किती वाट पाहायला लावायचे, हाच रचनाकाराच्या कामाचा गाभा आहे.

खेळणाऱ्याचा रस टिकवणे म्हणजे त्याला नाद लावणेच नव्हे का?

हा प्रश्न पालकांकडून येतो आणि तो रास्त आहे. कोल्हापुरात ‘नाद’ हा शब्द कौतुकानेही वापरला जातो आणि काळजीनेही. तालमीचा नाद, बैलगाडीचा नाद म्हणताना आवाजात अभिमान असतो, तर ‘आकडा लावायचा नाद’ म्हणताना तोच आवाज खाली येतो. आम्ही या दोहोंत एक साधी रेघ ओढतो. जी गोष्ट खेळणाऱ्याला खरी माहिती देऊन गुंतवते, ती रस निर्माण करते. जी गोष्ट त्याचा अंदाज चुकवून गुंतवते, ती नाद लावते. खासबागेत निकाली कुस्ती पाहणारा माणूस तासभर श्वास रोखून बसतो, पण पाठ टेकली की नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असते. स्लॉट मशीनमधील काही वैशिष्ट्ये अशी आहेत की त्यांत पाठ टेकलेली असते आणि तरी ती टेकली नाही असे भासवले जाते. खालच्या बऱ्याच उत्तरांत ही रेघ पुन्हा पुन्हा येईल, कारण आमच्या मते या विद्येत शिकण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे तेच आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. बदलत्या, अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस प्राण्याला सर्वांत चिकाटीने काम करायला लावते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेतील कबुतरांवरून विसाव्या शतकाच्या मध्यावरच स्पष्ट झाले होते, आणि स्लॉट मशीनचे हृदय नेमके तेच आहे. त्यामुळे अत्यंत प्रामाणिकपणे बनवलेले मशीनही निरुपद्रवी ठरत नाही.

आरटीपी, हिट फ्रिक्वेन्सी आणि व्होलॅटिलिटी हे शब्द सोप्या भाषेत समजावून सांगाल का?

यासाठी वर्गात वापरतो तेच उदाहरण देतो. तीन रील घ्या. प्रत्येक रीलवर दहा घरे आहेत : एका घरात साज, दोन घरांत चप्पल, तीन घरांत गूळ आणि चार घरांत ऊस. तिन्ही रीलांवर सारखे चिन्ह आले तरच बक्षीस. एकूण १,००० जुळण्यांपैकी तीन साज एकदाच येतात, तीन चपला ८ वेळा, तीन गूळ २७ वेळा आणि तीन ऊस ६४ वेळा. या चारांची बेरीज बरोबर १०० होते, म्हणजे दहा फेऱ्यांत सरासरीने एकदा काहीतरी लागते. ही झाली १० टक्के हिट फ्रिक्वेन्सी.

आता दर फेरीला एक चिंचोका लावायचा आणि बक्षिसे अशी ठेवायची : साजाला २००, चपलेला २५, गुळाला ८ आणि उसाला ४ चिंचोके. हजार जुळण्या प्रत्येकी एकदा आल्या तर परत किती मिळेल? साजाचे २००, चपलांचे २००, गुळाचे २१६ आणि उसाचे २५६, मिळून ८७२. हजार लावले, ८७२ परत आले, म्हणून या खेळाचा आरटीपी (रिटर्न टू प्लेअर, म्हणजे लावलेल्या रकमेपैकी खेळणाऱ्याला सरासरीने परत मिळणारा हिस्सा) ८७.२ टक्के. उरलेले १२८ चिंचोके मशीनच्या मालकाचे.

खरी गंमत याच्या पुढे आहे. उसाचे बक्षीस ४ वरून १ वर आणा आणि साजाचे २०० वरून ३९२ वर न्या. उसाकडून १९२ कमी झाले, साजाकडे तेवढेच वाढले, बेरीज पुन्हा ८७२. आरटीपी तोच, हिट फ्रिक्वेन्सीही तीच, पण खेळ पूर्ण वेगळा झाला. साजाचा वाटा बाजूला काढला तर पहिल्या तक्त्यात हजारामागे ६७२ चिंचोके परत येतात आणि दुसऱ्यात फक्त ४८०. तीनशे फेऱ्या खेळणाऱ्याला साज एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के आहे, म्हणजे दुसऱ्या तक्त्यावर बहुतेक मुलांची पिशवी भरभर रिकामी होते आणि एखाद्याच्या हाती अचानक ढीग येतो. चढउतारांच्या या तीव्रतेला व्होलॅटिलिटी म्हणतात. एकच आरटीपी असलेली दोन मशीने शेजारी ठेवली तरी एक ‘देणारे’ आणि दुसरे ‘खाणारे’ वाटते, ते यामुळे.

आरटीपी ९० टक्के असेल, तर हजार रुपये घेऊन गेलेला माणूस नऊशे घेऊन परत येतो, असे समजावे का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. ९० टक्के हे प्रमाण खिशातल्या रकमेचे नसून पणाला लावलेल्या एकूण रकमेचे असते. हजार रुपये एकदा फिरवले की सरासरीने ९०० उरतात, ते पुन्हा फिरवले की ८१०, आणि अशी दहा आवर्तने झाली की सुमारे ३४९. जिंकलेले पैसे त्याच बैठकीत परत लावले जातात म्हणून रक्कम अशी झिजत जाते. अमेरिकेतील नेवाडा राज्याने मशीनचा किमान सैद्धांतिक परतावा ७५ टक्के ठरवून दिला आहे. त्या आकड्याकडे पाहतानाही हे झिजणे ध्यानात ठेवावे.

‘थोडक्यात हुकले’ असे वारंवार का दिसते? ते मुद्दाम केलेले असते का?

काही प्रमाणात ते गणितातूनच येते. आमच्या चिंचोक्यांच्या खेळात तीन साज हजारात एकदा येतात, पण दोन साज आणि तिसरे काहीतरी वेगळे, असे २७ वेळा येते. म्हणजे एका खऱ्या साजामागे सत्तावीस वेळा ‘अरेरे’ म्हणण्याची वेळ निसर्गतःच येते. याबद्दल रचनाकाराला दोष देता येणार नाही.

दोष येतो तो पुढच्या पायरीवर. १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले आणि त्याने हा धंदाच बदलून टाकला. समजा डोळ्यांना दिसणाऱ्या रीलवर २२ घरे आहेत आणि जॅकपॉटचे, म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसाचे, चिन्ह त्यांपैकी एकाच घरात आहे. पाहणारा मनाशी हिशेब करतो की तीन रीलांवर १०,६४८ जुळण्या, त्यांतली एक माझी. पण संगणकाच्या आत प्रत्येक रीलसाठी ६४ आकड्यांची अदृश्य यादी असू शकते आणि त्यांतला एकच आकडा जॅकपॉटच्या घराकडे बोट दाखवतो. खरी शक्यता मग २,६२,१४४ मध्ये एक होते, म्हणजे डोळ्यांना वाटते त्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाएवढीच. उरलेल्या आकड्यांपैकी बरेचसे जॅकपॉटच्या लगतच्या कोऱ्या घरांना जोडले, की ते चिन्ह बक्षिसाच्या रेषेच्या, म्हणजे चिन्हे जिच्यावर जुळावी लागतात त्या ओळीच्या, जरा वर किंवा जरा खाली येऊन थांबल्याचे दृश्य पुन्हा पुन्हा दिसू लागते. निकाल यादृच्छिकच आहे, कोणताही आकडा खोटा नाही, आणि तरीही दृश्य खेळणाऱ्याची दिशाभूल करते.

ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर आधारित संशोधन प्रसिद्ध केले. हुकलेली फेरी अप्रिय वाटत असली तरी ती पुढे खेळण्याची इच्छा वाढवते आणि जिंकताना मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतले काही तेव्हाही जागे होतात, असे त्यात आढळले. कौशल्याच्या खेळात ही प्रतिक्रिया उपयोगाची आहे. नेम थोडक्यात हुकला तर पुढचा नेम सुधारतो. जोतिबाच्या यात्रेत रिंगा टाकणाऱ्या पोराचा हात दहाव्या रिंगेला खरोखर बसलेला असतो. मशीनपुढे मात्र हात बसण्यासारखे काहीच नसते, आणि मेंदूला हा फरक कळत नाही. एका परदेशी ग्राहकाने आमच्याकडे असे ‘हुकणारे’ रील मागितले होते. आम्ही ते काम घेतले नाही, आणि विद्यार्थ्यांनाही तसे काम घेऊ नये असेच सांगतो.

हरलो असतानाही मशीन दिवे लावून, वाजतगाजत अभिनंदन कसे करते?

जुन्या यंत्रात बक्षिसाची एकच रेषा होती. नव्या खेळांत वीस, पन्नास रेषा असतात, किंवा रेषांऐवजी ‘मार्ग’ मोजले जातात : पाच रील आणि प्रत्येकी तीन चिन्हे असतील तर २४३ मार्ग, आणि सहा रीलांवर प्रत्येकी सात चिन्हांपर्यंत जाणाऱ्या खेळात १,१७,६४९. समजा वीस रेषांवर प्रत्येकी एक, असे वीस चिंचोके लावले आणि एका रेषेवर आठ परत आले. प्रत्यक्षात बारा गेले, पण मशीन आठ मिळाल्याचे नगारे वाजवते. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे माइक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की अशा फेरीत शरीराची उत्तेजना खऱ्या विजयासारखीच असते. विजयाचा वेश घेतलेली ही हार आहे. रेषा वाढल्या की हिट फ्रिक्वेन्सी वाढते आणि खेळ जिवंत वाटतो, हे खरे आहे, पण त्या ‘हिट’पैकी कितीतरी अशा असतात. आमचा नियम सरळ आहे. परत आलेली रक्कम लावलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल तेव्हाच वाजवावे, अन्यथा आकडा शांतपणे दाखवावा.

रील थांबवण्याचे बटण योग्य वेळी दाबले तर फायदा होतो का?

होत नाही. निकाल आधीच ठरलेला असतो आणि त्या बटणाने फक्त चित्र लवकर थांबते. आपल्या हातात काही आहे या भासाचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्येच केला होता.

मग प्रामाणिकपणे रस निर्माण करणारी वैशिष्ट्ये कोणती?

बोनस राउंड हे त्यांतले सर्वांत समृद्ध वैशिष्ट्य आहे, आणि आम्ही सर्वाधिक वेळ त्यालाच देतो. एकसुरी फेऱ्यांमध्ये अचानक दृश्य बदलते, नियम बदलतात, काही फेऱ्या विनामूल्य मिळतात. तमाशात गण-गवळणीनंतर वगाला तोंड लागले की प्रेक्षक सावरून बसतो, तसे खेळणाऱ्याचे लक्ष ताजे होते. पण बोनसचे पैसे आकाशातून पडत नाहीत. एकूण आरटीपीचा एक भाग कापून तो बोनसमध्ये ठेवलेला असतो. समजा ८७ टक्क्यांपैकी ३० टक्के बोनसमध्ये ठेवले, तर बोनस न लागलेला माणूस प्रत्यक्षात ५७ टक्क्यांचा खेळ खेळत असतो. बोनस सरासरी किती फेऱ्यांनी येतो हे सांगितले पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

पेट्या उघडून बक्षीस निवडण्याच्या फेरीत आणखी एक मेख असते. काही खेळांत निवड खरी असते, तर काहींत कोणतीही पेटी उघडली तरी आधी ठरलेली रक्कमच मिळते, आणि मग उरलेल्या पेट्या उघडून ‘हे मिळाले असते’ म्हणून मोठे आकडे दाखवले जातात. दुसऱ्या प्रकारात ते मोठे आकडे म्हणजे निव्वळ बनाव होय.

याशिवाय गोष्ट पुढे सरकत जाणे, जुळलेली चिन्हे नाहीशी होऊन वरची खाली कोसळणे, पार्श्वसंगीत प्रसंगानुसार बदलणे, चित्रे मन लावून काढलेली असणे, या सगळ्यांनी खेळ देखणा होतो आणि कोणाची फसवणूकही होत नाही. चित्रकला आणि संगीत शिकलेल्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो की या कामात गणितवाल्यांइतकीच त्यांची गरज असते.

वाढत जाणारा जॅकपॉट कोठून येतो?

खेळणाऱ्यांच्याच खिशातून येतो. प्रत्येक फेरीतील लहानसा हिस्सा एका सामायिक निधीत जातो. नेवाडातील अनेक कॅसिनोंमधली मशीने जोडणारा ‘मेगाबक्स’ हा जॅकपॉट १९८६ मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये लास व्हेगासमध्ये त्यातून सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलर एकाच माणसाला मिळाले. असा एक विजेता वर्षानुवर्षे सांगितला जातो. त्याच निधीत हिस्सा टाकून रिकाम्या हाताने परतलेल्यांची नोंद कोणी सांगत नाही.

मशीन ‘तापलेले’ आहे, आता देणारच, असे गोव्याला जाऊन आलेले लोक सांगतात. त्यात तथ्य आहे का?

प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. शंभर फेऱ्या कोऱ्या गेल्या म्हणून एकशे एकावी फेरी काही देणे लागत नाही.

खेळाच्या वेगाला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण नुकसानीचे गणित वेगावर चालते. ९० टक्के आरटीपीच्या खेळात दर फेरीला १० रुपये आणि तासाला ६०० फेऱ्या धरल्या, तर ६,००० रुपये फिरतात आणि सरासरी नुकसान तासाला ६०० रुपये होते. फेरीचा वेळ निम्मा केला की तेच १,२०० होते, आणि पडद्यावर तर काहीच बदललेले दिसत नाही. म्हणूनच ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटच्या दोन फेऱ्यांत किमान २.५ सेकंदांचे अंतर सक्तीचे केले, आपोआप चालणाऱ्या फेऱ्यांवर बंदी घातली आणि लावलेल्या रकमेइतकी किंवा त्याहून कमी रक्कम परत आल्यावर विजयाचा गाजावाजा करण्यासही मनाई केली. २०२५ मध्ये तेथे एका फेरीची कमाल मर्यादा ५ पौंड झाली आणि १८ ते २४ वयोगटासाठी ती २ पौंड ठेवली गेली. आम्ही वर्गात हे नियम एकेक करून वाचतो. एका देशाच्या नियामकाने रचनेतील कोणत्या युक्त्या धोक्याच्या मानल्या, हे त्यांतून नेमके कळते.

चिन्हांमध्ये अंबाबाई किंवा शाहू महाराज यांची चित्रे वापरावीत का?

अजिबात वापरू नयेत. साज, चप्पल, गूळ ही बाजारपेठेतली चिन्हे आहेत, ती चालतात. श्रद्धास्थाने आणि आदरणीय व्यक्ती पणाला लावलेल्या पैशांशेजारी मांडणे आम्हाला मान्य नाही. तसेच लहान मुलांना ओढून घेतील अशी कार्टून-चित्रेही टाळावीत.

महाराष्ट्रात असे काम करणे कायदेशीर आहे का?

महाराष्ट्रात जुगाराला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. शेजारच्या गोव्याने १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांमध्ये स्लॉट मशीनला परवानगी दिली. १९६९ पासून चालणारी महाराष्ट्र राज्य लॉटरी हा वेगळा विषय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा संमत केला. असे खेळ पुरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. समाजमाध्यमांवरील सल्ल्यावर विसंबू नये.

घरातल्या कोणाला हा नाद लागल्याची शंका असेल तर काय करावे?

आधी हे लक्षात घ्यावे की हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, उसनवारी लपवणे, फोन हातातून घेतला की चिडणे, ही लक्षणे दिसली तर रागावण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. कर्ज फेडून दिले की प्रश्न सुटतो असे अनेक घरांना वाटते, पण उपचार न घेता फेडलेले कर्ज बहुधा पुन्हा उभे राहते.

हा विषय शिकायचा असेल तर सुरुवात कशी करावी?

पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापाव्यात, प्रत्येकीवर दहा घरे आखावीत आणि वर दिलेली चिन्हे भरावीत. प्रत्येक घराला शून्य ते नऊ असा आकडा द्यावा आणि एका डब्यातून दर वेळी एक चिठ्ठी काढून, ती परत टाकून, तिन्ही पट्ट्यांचा निकाल ठरवावा. शंभर चिंचोके घेऊन पहिल्या तक्त्यावर शंभर फेऱ्या खेळाव्यात, मग दुसऱ्या तक्त्यावर शंभर. प्रत्येक फेरीनंतर वहीत दोन रकाने भरावेत : पिशवीत किती चिंचोके उरले आणि पुढची फेरी खेळावीशी किती वाटते, दहापैकी किती. दुसरा रकाना भरायला विद्यार्थी पहिल्या दिवशी कंटाळतात. दोन साज लागून तिसरा हुकलेल्या फेरीपाशी आपणच लिहिलेला आकडा त्यांनी शनिवारी वर्गात वाचून दाखवायचा असतो, आणि पुढचा अभ्यास तिथून सुरू होतो.